बारा पानं कमी असलेलं पुस्तक

तीर्थस्वरूप वन्संना,

आधी तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा. उजवा आता कसा आहे? तेल लावता ना? स्टुलावर चढवतं का? (हे नुसतं रीत म्हणून विचारत नाही, पण ते पुढे येईल.) सूनबाईला आशीर्वाद. ती फार आवराआवर करते असं मागे लिहिलं होतंत. तिला म्हणावं, जुन्या वस्तू टाकायची एवढी घाई बरी नाही.

इकडे मी बरी आहे. जेवण जातं, झोप लागते आणि सकाळी हाताला सवय म्हणून दोन कप चहा टाकला जातो. दुसराही मीच पिते. ओतून द्यायला जीव होत नाही.

यांना जाऊन अकरा महिने झाले. पुस्तकांचं काय करणार आहेस, असं तुम्ही विचारलं होतंत, तेच सांगायला बसले आहे. तुमच्या भावाने सव्वीस वर्षांत चौदा पुस्तकं लिहिली आणि चौदाही स्वतः छापून घेतली, हे तुम्हाला माहीत आहेच. प्रत्येकाची एक प्रत तुमच्याकडे आली आहे आणि (रागावू नका) तुम्हीही ती उघडलेली नाही. दिवसभर पाणीखात्याचे मीटर वाचत घरोघर फिरायचे आणि संध्याकाळी लिहायला बसायचे. काय लिहिलं यापेक्षा काय लिहिलं नाही ते विचारावं. चार रहस्यकथा, दोन भुताच्या, तीन प्रेमाच्या, एक राजाराणीची, एक अंतराळातली, एक लहान मुलांची आणि दोन कवितांची. मी एकदा म्हटलं, अहो, एकाच जातीचं लिहा, लोकांच्या लक्षात तरी राहाल. तर म्हणाले, "अगं, कुठल्या नळाला पाणी येईल ते काय सांगता येतं? सगळे उघडे ठेवायचे."

पाणी कुठल्याच नळाला आलं नाही. नाही म्हणायला एकदा थेंब पडला, तोही दुसऱ्याच्या चुकीने. एक प्रेमाची आणि एक भुताची अशा दोन गोष्टी एकाच वेळी छापायला दिल्या होत्या. पुस्तक सोळा सोळा पानांचे गठ्ठे जोडून बांधतात, आणि बांधणीवाल्याने त्यातला एक गठ्ठा इकडचा तिकडे घातला. त्यामुळे बत्तिसाव्या पानावर नायक नायिकेचा हात हातात घेतो, आणि तेहतिसाव्या पानावर त्या हाताला पुढे बाईच नसते. मग सोळा पानं नुसता आरडाओरडा, आणि एकोणपन्नासाव्या पानावर दोघं पुन्हा बागेत बाकावर, जणू काही घडलंच नाही. हे दोन दिवस धड जेवले नाहीत. आणि उभ्या जन्मात वाचकाचं जे एकुलतं एक पत्र आलं, ते नेमकं याच पुस्तकाला. संसाराचं इतकं खरं चित्र आजवर वाचलं नव्हतं, असं त्या गृहस्थांनी कळवलं होतं. (गृहस्थ विवाहित असावेत.)

आता माझं सांगते. मी चौथी शिकलेली. पुढची शाळा दुकानातून येणाऱ्या पुड्यांच्या कागदांवर झाली, ती तुमच्या डोळ्यांदेखत. "आधी साखर डब्यात ओत, मग वाच," असं तुम्ही किती वेळा ओरडला असाल. पुडीचा कागद वाचल्याशिवाय मी कधी टाकला नाही. मग वाचनालय लावलं आणि जे मिळेल ते वाचत सुटले. यांचं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा तेही अशीच हावरटासारखी उघडून बसले. रहस्यकथा होती, एकशे साठ पानांची. हे समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नवव्या पानावर आले आणि बोलून गेले, "खून त्या घड्याळवाल्याने केलाय."

हे उठले, पाणी प्यायले आणि बाहेर जाऊन स्वतःच्याच घराचा मीटर बघत उभे राहिले. पुढचे तीन दिवस "वाढ" आणि "पुरे" याखेरीज शब्द नाही. तेव्हाच मी ठरवलं की आपण यांचं लिखाण वाचायचं नाही. पुस्तक आलं की दोन दिवस उशाशी ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी म्हणायचं, छान आहे. तेरा पुस्तकांना मिळून मी तेवढे दोनच शब्द दिले. मला वाटायचं, मी यांना जपतेय.

हे गेल्यावर पलंगाखालची खोकी ओढली आणि सगळी पुस्तकं ओळीने वाचली. वन्सं, दुसऱ्या पुस्तकापासून प्रत्येकाच्या नवव्या पानावर एक बाई येते. कुठे ती फुलं विकते, राजाराणीच्या गोष्टीत ती दासी आहे, अंतराळात यानातली स्वयंपाकीण, आणि भुताच्या गोष्टीत ती स्वतःच भूत. कमरेवर एक हात ठेवून ती म्हणते, "मला आधीच कळलं होतं." तिचं कोणी ऐकत नाही आणि शेवटी तिचंच खरं निघतं. कवितांमध्येसुद्धा नवव्या पानावर तीच. (माझा हात बोलताना कमरेवर जातो, हे तुम्हीच एकदा चारचौघांत म्हणाला होतात. तेव्हा राग आला होता.) तेरा वेळा माणूस मला हाक मारत होता, आणि मी ती हाक उशाशी ठेवून कूस बदलत होते.

मग मला वाटलं, दुसऱ्या कोणी तरी वाचावं. वाचनालयात सरळ विचारायला तोंड होईना. म्हणून पिशवीतून एकेक पुस्तक न्यायचं आणि कोणाचं लक्ष नसताना कपाटात खुपसून यायचं, असं सुरू केलं. अकरा पुस्तकं पोचवली. घात केला तो वार्षिक मोजणीने. दरवर्षी पुस्तकं कमी भरतात, यंदा अकरा जास्त भरली. ग्रंथपाल बाईंनी मला बाराव्या पुस्तकासकट पकडलं. म्हणाल्या, "आजी, पुस्तकं पळवणारे रोज बघते. आणून लपवणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मी कमरेवरचा हात काढला आणि सगळं कबूल केलं. तेव्हा कळलं की 'पाण्याचा दाब' हा कवितासंग्रह कोणीतरी उचलून नळदुरुस्तीच्या पुस्तकांत ठेवला होता. एक नळवाला तो घेऊन गेला आणि दोनदा मुदत वाढवून घेतली. का, असं बाईंनी विचारलं तर म्हणाला, कामाचं काही नाही त्यात, पण परत द्यावंसं वाटत नाही. हे ऐकायला हे हवे होते. मी तिथेच बाकावर बसले आणि बाईंनी पाणी आणून दिलं.

त्या बाई चांगल्या आहेत. चौदाही पुस्तकं रीतसर नोंदवून घेतो, एक स्वतंत्र फळी देतो, म्हणाल्या. आणखी काही लिहिलेलं आहे का, असंही विचारलं. आहे. पंधरावं, हाताने लिहिलेलं, एकशे बारा पानांचं. पहिल्या पानावर तसा आकडा आहे. खाणावळीत स्वयंपाक करणारी एक बाई खुनाचा शोध लावते. या वेळी ती नवव्या पानापुरती नाही, पहिल्या ओळीपासून गोष्ट तिचीच आहे. छापखानेवाले छापायला तयार आहेत. फक्त त्यातली शेवटची बारा पानं नाहीत.

ती कशी गेली तेही लिहिते, लपवून काय करू? हे खात्यातल्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे, आणि तसलेच रद्दी कागद मी फळ्यांवर अंथरायची. दोन ढीग शेजारी शेजारी असायचे. मी चुकीच्या ढिगात हात घातला. साठ पानं यांच्या कपाटात सापडली, चाळीस माझ्या डब्यांखाली, तेलाच्या गोल डागांसकट. पुडीचा प्रत्येक कागद वाचणारी बाई मी, पण यांचं अक्षर दिसलं की कागद पालथा घालायची, न वाचण्याचा नेम मोडू नये म्हणून. त्यानंतर हे लिहायचे थांबले. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

शंभराव्या पानावर ती बाई सगळ्यांना पंगतीच्या खोलीत गोळा करते, ओले हात पुसते, "आणि म्हणाली," एवढ्यावर पान संपतं. छापखानेवाले म्हणतात, तसंच छापू, हल्ली असले शेवट चालतात. बघू. तुम्ही काळजी करू नका. पत्र लांबलं. प्रकृतीला जपा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. दोन वर्षांपूर्वी तुम्ही नव्या घरात गेलात तेव्हा आम्ही सहा काचेचे पेले पाठवले होते. एकेका पेल्याला दोन दोन कागद गुंडाळले होते. तुम्ही नवी वस्तू कधी वापरायला काढत नाही, यावर आम्ही दोघं तुमच्यामागे फार हसायचो. वन्सं, त्याची माफी मागते, आणि देव करो ते पेले अजून तसेच कपाटावर असोत. स्टूल सूनबाईला धरायला सांगा.

दुसरी ता. क. खोक्याला सुतळी बांधताना गाठीवर बोट यांनीच धरलं होतं. कागद यांनी पाहिले असणार. "नीट गुंडाळ," एवढंच म्हणाले. मी वर बघितलंसुद्धा नाही.

तिसरी ता. क. पानं मिळाली तर आधी तुम्ही वाचलीत तरी चालेल, पण खुनी कोण ते मला कळवू नका. शेवट मला माहीत आहे, असं मी ग्रंथपाल बाईंना कमरेवर हात ठेवून सांगितलं आहे. शंभर पानं चार वेळा वाचली. मला काही कळलेलं नाही.