आईच्या गावाकडून

ब्लॅकबर्न,
२ जानेवारी २०२५

चि. मुझफ्फर यास,
आपाचे सलाम आणि दुवा. वि. वि.

हे पत्र वाजिदच्या बॅगेत घालते आहे. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, कागदावर तरी निमूट ऐकशील. भावजयीला शाल पाठवली आहे, रिदा बेटीला चॉकलेटं. तुला काही नाही. तुझं पोट मी फोटोत पाहिलं आहे.

आता कामाचं. माझा पोरगा चौतिशीत आला. मिसरूड फुटल्यापासून फुटबॉल खेळतोय. अकरा क्लब झाले, सगळे खालच्या डिव्हिजनांतले. आज या गावात, उद्या त्या गावात, भाड्याची खोली आणि ओले मोजे. मे महिना आला की कुणीतरी ऑफिसात बोलावून सांगणार, वाजिद, पुढच्या वर्षी तू नकोस. एकदाही त्याने आपण होऊन क्लब सोडलेला नाही. आता तुमच्या आखातातल्या एका क्लबाने चाचणीला बोलावलं आहे. मेपर्यंतचा करार मिळाला तर तेवढा खेळून, या वेळी मीच जाऊन सांगेन की आता थांबतो, असं म्हणतो. एवढीच त्याची हौस उरली आहे. ऐकून मला आधी हसू आलं, मग रडू.

म्हणून तुला बजावते, करारावर सही होईपर्यंत त्याला दावतींना फिरवू नकोस आणि भलत्या मैदानावर नेऊ नकोस. त्याला नाही म्हणता येत नाही आणि तुला गप्प बसता येत नाही.

माझा जीव तुझ्या हवाली केला आहे, माया ठेव.

तुझी
फखरुन्निसा आपा

---

सबाह अल-सालेम,
१३ जानेवारी २०२५

ती. आपास,
धाकट्या भावाचा सलाम. वि. वि.

मीही कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे, म्हणजे तुला मध्येच तोंड घालता येणार नाही. शाल पोचली. पोटाबद्दल मी काही बोलत नाही.

तुझा लेक चाचणीत पास झाला! कोच म्हणाला, हा पळतो कमी, पण चेंडू यायच्या आधी तिथे उभा असतो. करार तयार आहे, क्लबाचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं उरकणारा माणूस, कागद घेऊन ऑफिसं पालथी घालतो आहे. रविवारी डॉक्टरची तपासणी झाली की सही. रोज सकाळी अर्दियाच्या गोदामात कामाला जाण्याआधी मीच त्याला मैदानावर सोडतो. त्याची मामी बिनतेलाची कोंबडी उकडते आणि आम्हा सगळ्यांना तीच गिळावी लागते. घरात सुतक आल्यासारखं वाटतं. रिदा आणि तो इंग्रजीत काय खिदळतात, मला अर्धं कळत नाही, पण बरं वाटतं.

या शुक्रवारी आपल्या कोकणातल्या गावांची स्पर्धा आहे. खेळाडू ज्या त्या गावचाच लागतो, पण भाच्याला आईच्या गावात धरतात, हे तुला ठाऊक आहेच. खाडीपलीकडच्या गावचा सर्फराज मला सारखा टोचतो की तुझा इंग्लंडचा भाचा फोटोपुरताच दिसतो. इतकी वर्षं मी सांगत आलो, भाचा इंग्लंडात खेळतो. लोक त्याला टीव्हीवर शोधतात. कुठल्या डिव्हिजनमध्ये, ते मी कधी सांगितलं नाही. तू घाबरू नकोस, त्याला नुसतं बक्षिसं वाटायला नेणार आहे.

तुझी दुवा आणि तुझा ओरडा, दोन्ही असेच चालू राहोत.

तुझा
मुझफ्फर

---

ब्लॅकबर्न,
२० जानेवारी २०२५

चि. मुझफ्फर यास,
सलाम. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. मला बातमी रिदाकडून कळली, तीही इंग्रजीत. शुक्रवारी तुमच्या स्पर्धेत खेळताना वाजिदच्या मांडीचा स्नायू फाटला. काल डॉक्टरने हात लावून पाहिला आणि क्लबाच्या माणसाने बाहेरच्या बाकावरच सांगून टाकलं की आता जमणार नाही. म्हणजे पुन्हा दुसऱ्यानेच सांगितलं. वाजिदला विचारलं तर म्हणतो, मामूची चूक नाही, बूट मी माझ्या पायांनी घातले. तो लहानपणापासून असाच आहे, मार खाऊन दुसऱ्याची बाजू घेतो.

तुझ्यावर फार संतापले आहे. पण रात्रभर दुसरंच मनात येत राहिलं. मी त्याला कधी खेळताना पाहिलंच नाही रे. लहान होता तेव्हा त्याचे अब्बा बदरुद्दीन न्यायचे. मी म्हणायची, एवढ्या थंडीत कोण उभं राहणार आणि दुकान कोण बघणार. ते गेल्यावर हिंमतच झाली नाही, वाटायचं, माझ्यासमोर पडला तर? त्याच्या कपड्यांवरचा चिखल मी धुतला, खेळ पाहिला नाही. आता बघायला काही उरलं नाही.

फोनवर तो सांगत होता, मम्मी, तुझ्या गावाकडून गोल केला. आवाज लहान पोरासारखा होता. तू तिथे होतास. चुकलास ते मागाहून लिही, आधी तो गोल कसा झाला ते मला सगळं लिही.

रागात आहे, तरी बहीणच आहे.

फखरुन्निसा आपा

---

सबाह अल-सालेम,
२२ जानेवारी २०२५

ती. आपास,
सलाम. वि. वि.

फोन उचलायला तोंड नव्हतं.

त्याचे बूट मीच गाडीत टाकले होते. बक्षिसं वाटायला बूट कशाला, असं त्याने विचारलं नाही. आपला एक पोरगा ड्युटीमुळे आला नाही, एक माणूस कमी पडला. सर्फराज मोठ्याने म्हणाला, इंग्लंडवाला आहे की! सगळे हसले. वाजिदने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणावं म्हणून तो थांबला होता, हे मला कळलं होतं आपा. मी म्हणालो, पंधरा मिनिटं खेळ. आयुष्यभर कुणीतरी सांगायचं आणि याने उतरायचं. तसाच उतरला. आपल्या गावचं नाव लिहिलेला टीशर्ट त्याला तोकडा होत होता.

आता गोल. तुला रंगवून लिहिता आलं असतं, दोन दिवस तेच लिहून फाडतो आहे. मी पाहिला नाही. मैदानाकडे पाठ करून मी खुर्च्यांवरच्या लोकांना सांगत होतो की हा माझा भाचा. एकदम ओरडा झाला म्हणून वळलो, तर पोरं नाचत होती आणि वाजिद मांडी धरून खाली बसला होता. नंतर मी चार जणांना विचारलं. कुणी म्हणतो डोक्याने मारला, कुणी म्हणतो डाव्या पायाने, लांबून. सर्फराज म्हणाला, असा गोल आपल्या पोरांत कुणी मारलेला नाही, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण कुणाचंच कुणाशी जुळत नाही. फोटोही नाही कुणाकडे.

वाजिद शनिवारच्या विमानाने येतो आहे. पाय सरळ ठेवायला मिळावा अशी जागा घेतली आहे. घरात सगळ्यांशी नीट बोलतो, माझ्याशी तर जास्तच. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

तू त्याला घ्यायला विमानतळावर स्वतः जा. त्याला ते बरं वाटेल. आणि एक मागतो. पडल्या पडल्या, मी धावत गेलो तेव्हा, त्याने पाय दुखतोय असं म्हटलं नाही. माझा हात धरून विचारलं, मामू, पाहिलात ना? मी हो म्हटलं. एवढं त्याला कळू देऊ नकोस.

राग धर, पण मला तोडू नकोस.

तुझा
मुझफ्फर