बाबांचे नवे शिकाऊ

चिमणे,

उठवलं नाही तुला. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा. उभ्याउभ्या उरकू नकोस.

मी मेडिकल कॉलेजात चाललेय. तिथली पहिल्या वर्षाची पोरं आजपासून तुझ्या बाबांच्या देहावर शिकणार. त्याआधी घरच्यांनी दोन शब्द बोलावेत, असा सरांचा फोन होता. तू येणार नाही म्हणालीस. बरं.

मी पोरांना एवढंच सांगेन, की ह्या माणसाने जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. नवख्यांनी गाडी कुठेही घातली, तरी कधी आवाज चढवला नाही. तेव्हा हात थरथरले तरी घाबरू नका.

ओरडायचे ते फक्त तुझ्यावर. ते मी नाही सांगणार. शेजारची खुर्ची धरून ठेवते, तूच येऊन सांग.

आई