उसवलेल्या वह्या

आबा, तुमच्या पक्षाच्या वह्या काल जुळल्या. तुम्हाला जन्मात जमलं नाही ते चाचांच्या नातीनं आपल्या स्वयंपाकघरात बसून एका दुपारात केलं. जिल्ह्यातल्या समाजवादी पक्षांचा इतिहास लिहितेय ती, विद्यापीठात. आजोबांच्या ट्रंकेतली पानं पिशवीत घालून आली आणि म्हणाली, "आत्या, आमच्याकडं ठराव हाय, मतदान न्हाय." मी म्हटलं, मतदान आमच्या माळ्यावर आहे.

काय म्हणावं तुम्हा दोघांना. मोठ्या पक्षात जायचं की नाही यावरून पक्ष फुटला, फुटेना का. त्याआधी दोनदा फुटला होता, आणि दोन्ही वेळा एकी करायची म्हणूनच. पण इतिवृत्ताच्या वह्यांची वाटणी कोण करतं? तुम्ही सेक्रेटरी, चाचा बाइंडर. वह्या त्यांनी शिवलेल्या, लिहिलेल्या तुम्ही. मग त्या कुणाच्या, यावर आख्खी दुपार वाद, आणि शेवटी चाचांनी मुकाट्यानं शिवण उसवली. सोळा पानं इकडं, सोळा तिकडं, पुन्हा सोळा इकडं. समान वाटप. आई चुलीपुढनं बघत होती. म्हणाली, "भाकरी वाटल्यागत वाटाय लागल्यात की." तुम्ही खेकसलात, "तुला तत्त्वातलं काय कळतंय?" तिला कळत होतं, आबा. वीस माणसांचा चहा, भडंगाची परात, कपबश्यांचा ढीग तिच्या आणि माझ्या वाट्याला. आणि बायकांचे प्रश्न कायम 'ऐनवेळचे विषय' मध्ये, तेही वेळ उरला तर. काल पानं लावताना बघितलं, एकदाही उरलेला नाही.

पुढं एकाच गल्लीत राहून मरेपर्यंत एकमेकांशी बोलला नाहीत. ईदेला शिरखुर्मा यायचा, दिवाळीला फराळ जायचा, ते आई आणि चाचींचं. तुम्ही वाटी चाटूनपुसून खायचा, वर चाचांना गद्दार म्हणायचा. तुम्ही गेलात तेव्हा दोन्ही गट झेंडे घेऊन आले. दोन्ही लालच. कुठला अंगावर घालायचा यावरून तुमच्या उशाशी भांडले. चाचा दारात उभे राहून रडत होते, "गप बसा की रं आता," म्हणत होते. मला राग तुमचाच आला.

काल नात चाचांच्या गटाची पुढची वही वाचून दाखवत होती. त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'एकीचा प्रस्ताव घेऊन सेक्रेटरींच्या घरी गेलो. ते गारगोटीला गेलेले. घरी निरोप ठेवला. उत्तर आले नाही.' पोरीनं विचारलं, "आत्या, निरोप कुणाकडं ठेवला असंल?" मी म्हटलं, काय की बाई, जुनी गोष्ट.

माझ्याकडं ठेवला होता. मी मोरीत भांडी घासत होते. चाचा म्हणाले, "तुझा आबा आला की सांग, मी चुकलो म्हण, त्यो बी चुकला म्हण. बोलवलं तर उद्या येतो चहाला." चहा म्हटल्यावर मला पुन्हा त्या वीस कपबश्या दिसल्या. तुम्ही आलात, जेवलात, झोपलात. मी बोलले नाही. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात.

फुटीची कारणं तात्त्विक होती, असं पोरगी लिहून घेऊन गेली. तिला खरं सांगायला हवं होतं. मी तिला चहा पाजला आणि लावून दिलं.