मेलेल्या बहिणीचा अबोला

शोळिंगनल्लूर,
५ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
मेलेल्या बहिणीचा सा. न. वि. वि.

दचकू नकोस. सर्वपित्रीला तू मैलापूरला तर्पणाला बसलास आणि आई-अण्णांच्या मागोमाग माझं नाव घेऊन तीळपाणी सोडलंस, हे मला कळलं. शेजारी गुंडो बसला होता, हे विसरलास वाटतं. आपल्या या चुलतभावाच्या पोटात कधी काही राहिलंय का? त्याने घरी पोहोचायच्या आधी बसमधूनच मला फोन केला. बहीण कधी वारली असं गुरुजींनी विचारलं म्हणे, आणि तू शांतपणे सांगितलंस, पाच वर्षांपूर्वी. म्हणजे माझा बाप्तिस्मा झाला ते साल. धन्य आहे बाबा तुझी!

एकाच शहरात राहून पत्र लिहिते आहे, कारण माझा नंबर तू ब्लॉक केलास. इतकी वर्षं मी तुला येशूबद्दल सांगायला धडपडले. दिवाळीला चकल्यांच्या डब्याबरोबर नवा करार पाठवला, तो तू डुगडुगणाऱ्या टीपॉयच्या पायाखाली घातलास. तोंडावर दार लावलंस, तरी मी पुन्हा आले. वाटायचं, ऐकेल कधीतरी, माझाच भाऊ आहे.

आता नाही. माझ्या अंगाची नुसती आग होते आहे. मी सूड घेणार, आणि तो कसा तेही ऐक. मेलेली बाई बोलत नाही. आजपासून माझ्या तोंडून तुला येशूचं नावसुद्धा ऐकू येणार नाही. पाया पडलास तरी नाही. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, क्षमा करा. मी म्हटलं, करीन, पण घाई नाही.

वहिनीला नमस्कार सांग. तिच्यावर माझा राग नाही. लोभ होता, तो तूच पाण्यात सोडलास.

विद्युलता

*

टी. नगर,
१२ ऑक्टोबर २०२४

विद्युलतेस,

आशीर्वाद लिहायचा विसरलो नाही, मुद्दाम लिहिला नाही.

तू संतापलीस हे वाचून फार बरं वाटलं. त्यासाठीच तर केलं होतं. आता कारणही ऐक. तीन वर्षांपूर्वी आमचा संकेत ओरगडमच्या कारखान्यातून घरी येताना अपघातात गेला. स्मशानात माझ्या खांद्यावर अजून मडकं होतं आणि तू तुझ्या वहिनीला, कमलिनीला, धरून सांगू लागलीस की मेलेले उठतात, संकेतही उठेल. माझा एकुलता एक मुलगा चितेवर होता, आणि तुला तेव्हा तुझा धर्म सांगायचा होता. मी तुला हाताला धरून बाजूला केलं. आणि मनात ठरवलं, मरण म्हणजे काय ते हिला एकदा दाखवायचं. दाखवलं.

तुझा सूड मला मान्य आहे. आधीच घ्यायचा होतास. घर कसं शांत झालंय. कृपा अशी असू दे की पुन्हा पत्रही येऊ नये.

रत्नाकर

*

शोळिंगनल्लूर,
२७ डिसेंबर २०२४

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र नको म्हणालास, म्हणून मुद्दाम पाठवते. नाताळचा केक सगळ्या बिल्डिंगला वाटला, वॉचमनच्या बायकोलाही दोन तुकडे दिले. तुला नाही. गेल्या आठवड्यात साडी घ्यायला टी. नगरला आले होते. तुझ्या घरावरून गेले, वर बघितलंसुद्धा नाही. गुंडो सांगतो, विद्युलता काही बोलते का, असं तू त्याला दोनदा विचारलंस. का रे? शांत घर खायला उठलं का?

स्मशानात मी बोलले त्याची मला लाज वाटत नाही. संकेतला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. त्या दिवशी वहिनीला द्यायला माझ्याजवळ तेवढंच होतं. तुला ते सोसलं नाही, मला तुझं तीळपाणी सोसलं नाही. बस आता असाच.

माया आटली नाही, पण तुला दाखवणारही नाही.

विद्युलता

*

टी. नगर,
१६ फेब्रुवारी २०२५

विद्युलतेस,

कमलिनीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर आता ऑपरेशनचं नाव काढत नाहीत. ती औषध नको म्हणते, जेवण नको म्हणते आणि एकच मागते. स्मशानात तू जे सांगत होतीस, ते तिला पुरं ऐकायचं आहे. मी म्हटलं, ती आपल्याला मेली. तर म्हणाली, संकेतही मेलाय, त्याच्याशी मी रोज बोलते, तुमचं काय जातं?

मला तुझं एक अक्षर पटत नाही, हे ध्यानात ठेव. पण तिला नाही म्हणायची ताकद माझ्यात नाही. ये. तोंडावर विजय दिसला तर हाताला धरून बाहेर काढीन.

रत्नाकर

*

शोळिंगनल्लूर,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्राची पहिली ओळ वाचून खाली बसले. पुढचं वाचलं आणि खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आलास ना शरण, असं स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने म्हणाले. मेलेली माणसं बोलावल्यावर येत नसतात, असं कागदावर लिहिलंही. मग वहिनीचा चेहरा आठवला, कागद फाडला आणि खूप रडले. देव मला क्षमा करो.

गुरुवारी येते, आणि दर गुरुवारी येईन. पण तुझं वेगळं. जे सांगायचं ते वहिनीला, दार लावून. तू हॉलमध्ये पेपर वाच. कॉफी विचारू नकोस, मी पिणार नाही.

वहिनीला जप. तेवढं केलंस तरी पुरे.

विद्युलता

*

टी. नगर,
३० मार्च २०२५

चि. विद्युलतेस, अ. उ. आ.

तू येतेस, माझ्याकडे न बघता आत जातेस, दार लावून घेतेस. कमलिनी आता पेज घेते, थोडी झोपते. काल म्हणाली, संकेत भेटेल. मी विचारलं, कसा? तर म्हणाली, मला समजावता येत नाही, विद्युलताला विचारा. तुला कोण विचारतंय!

पण एक तक्रार लिहिल्यावाचून राहवत नाही. तू मुद्दाम हळू बोलतेस. एरवी तुझा आवाज चार घरं ऐकतात आणि आमच्याकडे आलीस की कुजबुज. या उकाड्यात मी हॉलमधला पंखा बंद करून बसतो, तरी काही कळत नाही. परवा स्टूल घेऊन दारालाच कान लावला. संकेतचं नाव ऐकू आलं आणि पुढचं सगळं बुडालं. अगं, तो माझाही मुलगा होता.

सूड पुरे झाला. लोभ थोडा उरला असेल, तर या गुरुवारी मोठ्याने बोल.

तुझा
दादा