ओढ्याकाठच्या शेताचा तह

भवानी पेठ, सोलापूर
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८४५

तीर्थरूप मामांना महिपतीचा दंडवत, आणि मामींना वेगळा, कारण मागच्या पत्रात त्यांचा राहून गेला होता आणि तो त्यांनी संक्रांतीला चारचौघांसमोर वसूल केला. तुमचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेले तेल लावता, की बाटली अजून देवळीतच आहे? करमाळ्याच्या बाजारात यंदा ज्वारीला गिऱ्हाईक आहे का? इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, पण तसे लिहिले तर पुढचे सगळे पत्र खोटे ठरेल. माझी प्रकृती ठीक आहे. घसा तेवढा बसला आहे, आणि तो कसा बसला हे सांगायचे म्हणजे वाचनालयातल्या व्याख्यानापासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या रविवारी मी तिथे बोललो. विषय असा, की महायुद्ध संपून पाच वर्षे झाली तरी फ्रान्स, बेल्जियम, इंग्लंड ही जिंकलेली राष्ट्रे जर्मनीकडे नुकसानभरपाई का मागत आहेत. लोकांना वाटते, हाव. मी म्हणतो, नुसती हाव नव्हे. जर्मनांनी माघार घेताना फ्रान्सच्या उत्तरेकडच्या खाणींत पाणी सोडले, फळझाडे करवतीने कापली, विहिरी नासवल्या. ज्याचे आंब्याचे झाड शेजाऱ्याने कापले असेल त्याने उठून सांगावे, की मला काही नको. (एक गृहस्थ उठले, पण ते गाडी गाठायला.) शिवाय पन्नास वर्षांपूर्वी जर्मनांनी फ्रान्सला हरवून अशीच जबर खंडणी घेतली होती, आणि अशी आठवण आजोबाकडून नातवाकडे जाते. शिवाय जिंकलेलेही खंक झाले आहेत. फ्रान्सने इंग्लंडकडून उसने घेतले, इंग्लंडने अमेरिकेकडून. पण सर्वांत आतली गोष्ट निराळीच आहे, मामा. ज्या आईचा मुलगा गेला तिला काहीतरी उत्तर द्यावे लागते. ‘जर्मन देईल’ हे उत्तर तिथल्या मंत्र्यांनी निवडणुकीत देऊन ठेवले आहे. ते मागे घेतले तर ती आई स्वतःच्याच मंत्र्याच्या दारात जाऊन बसेल. (आपल्या तालुक्यातली जी पोरे इंग्रजांसाठी लढायला बसऱ्याकडे गेली आणि आली नाहीत, त्यांच्या आयांना कोणीच उत्तर दिले नाही, हेही मी बोललो. तिथे टाळ्या पडल्या नाहीत. माझ्या सभेला दोन पोलीस असतात.)

हे सगळे मी एका श्वासात बोलू शकतो, याचे कारण असा तह मी स्वतः केलेला आहे. तुम्हाला उडत उडत कळले असेल. आता नीट ऐका.

आपल्या माढ्याकडच्या ओढ्याकाठच्या शेतात आजोबांच्या काळापासून मायाप्पा धनगराच्या घरची मेंढरे बसतात. शाळूची काढणी झाली की कळप यायचा, रोज संध्याकाळी जाळीच्या कुंपणात शेतातच बसायचा, जाळी रोज पुढे सरकायची, आणि पावसाळ्यापर्यंत अख्ख्या रानात लेंडीखत पडायचे. त्याबद्दल आपण त्यांना धान्य द्यायचे. मेंढरांनी कधी उभ्या पिकात तोंड घातलेच, तर त्या उन्हाळ्यात मायाप्पाने कळप आणखी दिवस बसवायचा आणि त्याचे धान्य घ्यायचे नाही. किती दिवस, हे कोणी ठरवत नसे. रावजीदादा बास म्हणाला की बास. (दादा आणि मायाप्पा एकत्र वाढले. लहानपणी दोघे मिळून मला ओढ्यात ढकलत.)

गेल्या वर्षी पौषात मेंढरे हुरड्याच्या शाळूत शिरली. आपल्या गड्याने बांधावरची काटेरी फांदी उघडी टाकली होती असे मायाप्पाचे म्हणणे, आणि मायाप्पा झाडाखाली झोपला होता असे गड्याचे. शब्दाला शब्द वाढला. मायाप्पाची काठी दादाच्या डोक्यात बसली, आणि आपल्या माणसांनी मायाप्पाचा उजवा हात मोडला. त्याच महिन्यात भरपाई थकली म्हणून फ्रान्सचे सैन्य जर्मनीच्या रूर खोऱ्यात शिरले होते आणि माझे रक्त आधीच तापलेले होते. मी पहिल्या गाडीने गावी गेलो. दादा खाटेवर पडून म्हणत होता, की उन्हाळ्यात बसवील कळप, जाऊ दे. मी म्हणालो, दादा, ही रानटी पद्धत आहे. हिच्यात अपराध कोणाचा हेच ठरत नाही.

मग मी तह लिहिला. मायाप्पाने एक एडका आणि चार मेंढ्या ताबडतोब द्याव्यात, पुढे दर सणाला एक मेंढी द्यावी, कळपामागे चारऐवजी एकच कुत्रे ठेवावे आणि बाकीची आपल्या ताब्यात द्यावीत. सर्वांत वर हे, की झाल्या प्रकाराला मायाप्पा आणि त्याची माणसे सर्वस्वी जबाबदार आहेत. मेंढ्यांना तो लगेच हो म्हणाला. कुत्र्यांनाही म्हणाला. वरच्या कलमापाशी अडला. “मेंढरं न्या की, महिपतराव. समदी चूक आमचीच, आसं नगा लिवू. पोरं हायती मला.” मी त्याला समजावले, की ते कलम नसेल तर बाकीचे कशाच्या आधारावर मागायचे? चावडीत पाटील बसले होते, गाव बसले होते. त्याने डाव्या हाताचा अंगठा दिला. उजवा झोळीत होता. त्या हाताची भरपाई कोणी मागितली नाही, कारण मोजदाद फक्त आपल्या जखमांची होती. (अशा तहांत तसेच असते. मी नवीन काही केले नाही.)

पुढची हकिगत कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाही. इंग्लंडने जर्मनीची जहाजे भरपाईत घेतली आणि इंग्लंडच्या गोद्यांत जहाजे बांधणारे घरी बसले, हे मी पुष्कळदा वाचले होते. मेंढ्यांना ते लागू पडेल असे मनात आले नाही. आपण त्या खुंट्याला बांधल्या, बैलांसारख्या. बैलांसारखीच पेंड घातली, तीही पाहुणचाराच्या हाताने. एडका आधी फुगला आणि तिसऱ्या प्रहरी गेला. मेंढ्या दिवसभर ओरडायच्या, आणि दूरवरून एखादा कळप गेला की दाव्याला असा हिसका द्यायच्या, की आई कानांवर हात घेऊन आत जायची. (तुमची बहीण कधी कशावर बोलत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मला वाढताना भाकरी मात्र लांबूनच टाकू लागली.) कुत्री दोनदा पळून मायाप्पाकडे गेली आणि मी दोनदा तहभंगाचे पत्र पाठवले. तिसऱ्यांदा ती गेली ती गेलीच. तोवर लांडग्याने त्याची कोकरे नेली होती, आणि पुढच्या आठवड्यात आपले वासरू. लांडग्याला तह कोणी वाचून दाखवला नव्हता.

पाडव्याची मेंढी आली नाही. मी म्हणालो, आता माघार घेतली तर आपला कागद फुकट. दादाची इच्छा नव्हती, पण जिंकलेल्याला घरी बसता येत नाही, हे मी त्याला पटवले. दादा, मी आणि दोन गडी, आम्ही माळावर जाऊन मायाप्पाचा तळ ताब्यात घेतला. मायाप्पाची बायको मायाक्का पुढे आली, तिने आम्हाला तांब्याभर पाणी दिले. “बसा की निवांत. तळ तुमचाच हाय आता.” मग तिने चूल विझवली, गाडगी घोड्यावर घातली, आणि माणसे, पोरे, कुत्री, सगळा कळप ओढ्यापलीकडच्या माळावर निघून गेला. एक शिवी नाही, एक धोंडा नाही. आमच्या ताब्यात एक जाळी, तीन खुंट्या आणि एक लंगडी शेळी उरली. ऊन चढले. गडी म्हणाला, “धनी, आता हितं राखायचं काय?” शेळीने आमच्याकडे पाहिले. त्या वेळी रूरच्या खाणींत फ्रेंच सैनिक पहारा देत होते आणि कोळसा काढायला कोणी येत नव्हते. मला ते फार तीव्रतेने समजले.

त्या उन्हाळ्यात कळप बसला नाही. दादाने दुसऱ्या मेंढपाळांना विचारले. ते पाणी पितात, रामराम करतात, पुढे जातात. ज्या घरात धनगराचा अपराधाचा अंगठा ठेवलेला आहे त्या घरच्या रानात कोणी कळप बसवणार नाही, हे मला एका पोराने वाटेत सांगितले. यंदाचा शाळू तुम्ही पाहिला नाही ते बरे. कणीस बोटाएवढे.

आणि मग गेल्या रविवारी त्याच व्याख्यानाला दादा आला. मला न सांगता, गाडीने. मागच्या बाकावर, पागोटे मांडीवर घेऊन बसला होता. मी विहिरींपाशी आलो होतो, आवाज चढला होता. शेवटी कोणाला काही विचारायचे आहे का म्हणालो, तर दादा उभा राहिला. “म्हैपती, त्या नासवलेल्या हिरी कुनी उपसल्या?” मी म्हणालो, भरपाई पैशांत आणि मालात ठरली आहे. “व्हय. पर हिरी?” लोक हसले. मी पुन्हा बोलायला लागलो आणि फार वेळ बोललो. घसा तिथेच बसला. बोलणे संपवून पाहतो तर बाक रिकामा. दादा सोलापुरात येऊन माझ्या घरी न जेवता परत गेला, मामा. असे आजवर झाले नव्हते.

माझे मत बदललेले नाही. ज्याचे नुकसान झाले त्याने मागावे. न मागणाऱ्याचे पुन्हा होते. फ्रान्समधल्या रीम्सच्या शेतकऱ्याने मागावे आणि आपणही एक दिवस इंग्रजाकडे मागणार आहोत, आणि ते मी पोलिसांसमोर बोलणार आहे. फक्त काय मागावे, हे मी लिहिले तसे लिहू नये, एवढे मला दिसते आहे. मामींना सांभाळा, गुडघ्याला तेल लावा, आणि या भाच्याचा राग आला असेल तर तो भेटीपर्यंत राखून ठेवा.

तुमचाच
महिपती

ता. क. – लिहायचे ते राहिलेच. मायाप्पाला परांड्याकडच्या एका शेतकऱ्याने, निजामाच्या हद्दीत, कायमचे बोलावले आहे. तो जाताना करमाळ्याच्या बाजाराला येईल आणि नेहमीप्रमाणे तुमच्याच ओट्यावर उतरेल. त्याला थांबवा. एकदा हद्द ओलांडली की तो परत येणार नाही, आणि दादा दुसऱ्या कोणाला ते रान देणार नाही. दादाने आईला सांगून टाकले आहे, की पडीक राहू दे. मी लिहिले हे मायाप्पाला सांगू नका.

दुसरा ता. क. – तहाचा कागद सोबत आहे. तो त्याच्या हातात द्या. वाचून दाखवू नका, त्याला पाठ आहे. नक्कल मी व्याख्यानासाठी ठेवली आहे.

तिसरा ता. क. – नक्कलही सोबत पाठवत आहे.

चौथा ता. क. – दादाला हे पत्र वाचून दाखवायला गावी आलो. तो म्हणतो, मेंढरांचे लिहू नको, कळप नाही आला तरी चालेल, मायाप्पा एकदा येऊन गेला तर बरे. त्याचा हात आता वळतो का, तेही विचारायला सांगितले आहे. शिवाय त्या चार मेंढ्यांतली शेवटची आज सकाळी गेली. मायाप्पा आल्याआल्या तुम्हाला आधी त्यांचेच विचारील, एकेकीचे नाव घेऊन. आई म्हणते, मेल्या म्हणून सांगावे आणि गप्प बसावे. म्हणून मी स्वतः येत नाही, मामा. तेवढे मला अजून जमत नाही.