ग्रहणाच्या माथी मारलेलं

आई, आज धाकट्याचे केस कापले. पन्नाशीला आला, तरी कात्री बघून तुलाच हाका मारतो. त्याचं एवढंसं डोकं हातात घेतलं की मला मुंबईचा तो दवाखाना आठवतो. एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. तुझ्या पोटात गाठ आहे म्हणून आत्या तुला कर्जतहून घेऊन आली आहे, पिशवी सांभाळायला मी. डॉक्टर विचारतात, दिवस गेलेत का? परक्या पुरुषापुढं तू मान खाली घालून गप्प. आत्याच सांगते, "दिस कशाचं वं डाक्टर! गाठीनं तटलंय समदं." तिला तसंच वाटत होतं. मला मात्र शंका होती. तू बाजूला बसलीस की चूल माझ्या गळ्यात पडायची, ती बरेच दिवस पडली नव्हती, आणि सकाळी तुला ओकताना मी पाहिलं होतं. पण असलं काही मोठ्यांसमोर पोरीनं बोलायचं नसतं. मी पिशवीचा बंद चावत बसले आणि तुला किरणांचा शेक द्यायला आत नेलं.

धाकटा झाला तो असा, एवढ्याशा डोक्याचा. चार वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा आत्याला कारण सापडलं. "गिरानात इळीवर वांगी चिरीत बसली हुती, मग काय हुनार!" गावानंही तेच धरलं. एकदा चिडून मीही तुला तेच ऐकवलं. तू भाकरी थापत राहिलीस.

पुढं मी नर्स झाले, तेव्हा वर्गात कळलं. पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या पेशी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भराभर वाढतात, आपापल्या जागी जायला निघतात. किरणांनी त्या वाटेतच मरतात आणि मेलेल्या भरून येत नाहीत. मेंदू वाढत नाही, म्हणून डोकंही लहान राहतं. ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नव्हता, आई. सुट्टीत घरी आले ती हे सांगायचं ठरवूनच. पण सांगितलं असतं तर आत्याचं बोलणं निघालं असतं, मग माझं गप्प बसणंही. मी चहा पिऊन परत गेले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. शेवटच्या दुखण्यात मी तुझं अंग पुसत होते. तू विचारलंस, "माजंच चुकलं का गं?" आणि मी म्हणाले, "झोप आता."