एकोणिसावं लांडग्याचं

बारामती,
११ जून २०२३

चि. सौ. सारजास,

जोतीरामदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. महिनाभर तुझी खुशाली कळली नाही. फोन करावा तर पूर्वी तात्याबा दाजीच उचलायचे, आणि आता म्हणे तुमच्या केंद्रात फोन बंदच करून ठेवलेत, त्याच्या लहरींनी मृगवासींची वाणी तुटते म्हणून. ती वाणी मृग नक्षत्रापासून बिनबोभाट येते आणि शेळगावच्या टॉवरपाशी अडते, हे पटायला मला जरा वेळ लागेल. चाळीस वर्षं वालचंदनगरला लेथवर काढली, त्यामुळं डोकं जाड झालंय. म्हणून पत्र लिहितो.

बातमी चांगली नाही. तुझ्या वहिनीच्या छातीत गाठ निघाली. सुपारीएवढी आहे. आमच्या दिपालीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं, तपासणीला तुकडा पाठवला आणि तो वाईट निघाला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की आत्ता काढली तर बाई बऱ्या होतील, चार-सहा महिने घालवले तर मी शब्द देणार नाही. सव्वीस तारीख दिली. मी हो म्हणालो, दिपाली हो म्हणाली. म्हाळसानं पिशवीतून तुमचा ग्रंथ काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, मला न्हाय चिरून घ्यायचं, हितं लिवलंय. आणि त्या भल्या माणसाला ओवी वाचून दाखवली:

नको लोखंड देहाला, देह मृगाचं लेकरू;
ज्यानं दिलं तोच घेई, कुणी मध्ये नको फिरू.

मला वाटलं होतं बायका दुपारी एकत्र बसून वाचतात, वाचू देत. तेवढाच विरंगुळा. आता विरंगुळा राहिला नाही. दाजी डोळे मिटून बोलतात आणि तू लिहून घेतेस असं ऐकतो. तर आता बसतील तेव्हा त्यांच्या त्या मृगवासींना विचार की बारामतीच्या एका बाईपुरती या ओवीला सूट मिळेल का. मी कुणाला खोटं ठरवायला येत नाही. मला फक्त माझी बायको टेबलावर न्यायची आहे.

उलटटपाली लिही. दाजींना नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

तुझा,
दादा

⁂

शेळगाव,
२४ जून २०२३

ती. दादास,

सारजाचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून दोन दिवस चुलीपाशी मन लागलं नाही. वहिनी आपल्या घरात नवी आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आईला न कळता ती पदराच्या गाठीत गुळाचा खडा बांधून मला मेंढरांच्या वाघरापाशी आणून द्यायची, आणि तोंड पुसून जा म्हणायची. हे तुलासुद्धा ठाऊक नसेल. तिला असं व्हावं, याचं मला काही कमी वाईट वाटत नाही.

ह्यांना विचारलं. हे म्हणाले की वाणीत दुरुस्ती नसते, आली तशी घ्यायची. आता मी पुढं काय बोलू? गुरुपौर्णिमेला साडेचारशे माणूस येणार आहे, इंदापूर-बारामतीच्या मोठमोठ्या बंगल्यांतल्या बायका इथं पत्र्याच्या शेडात मांडी घालून बसतात. ह्यांचं नाव झालंय. पंचायतीला पडल्यावर हे वर्षभर घराबाहेर निघत नव्हते, ते दिवस तू पाहिलेस.

आणि दादा, रागावू नकोस, आपल्या आईला तरी कुठं राखलं लोखंडानं? दवाखान्यात चालत गेली होती आणि गाडीतून आणली. तू त्या दिवशी कंपनीत होतास, मी तिथं होते. वहिनीला भीती वाटते, तर ती उगाच वाटत नाही. तिच्याजवळ बसत जा. ती काय वाचते ते तरी कधी विचारलंस का? तुला मापाबाहेरचं काही दिसतच नाही.

पाऊस नाही, बाजरी थांबली आहे. दिपालीला माझ्याकडून गोंजार. वहिनीला जप. राग आला तरी मला टाकू नकोस.

तुझी,
सारजा

⁂

बारामती,
१६ जुलै २०२३

चि. सारजास आशीर्वाद.

सव्वीस तारीख गेली. म्हाळसा गेली नाही. त्या दिवशी ती पहाटे उठून माळवदावर जाऊन बसली आणि दार वरच्या बाजूनं लावून घेतलं. खाली दिपाली रिक्षा थांबवून रडत होती.

तू म्हणालीस ती काय वाचते ते विचार. मी विचारलं नाही, वाचलंच. पेन्सिल घेऊन बसलो, जॉब तपासायला बसावं तसा. बारा अध्याय, दर अध्यायाला म्हणायला वीस ओव्या. सतरा, अठरा, आणि मग एकदम वीस. पहिल्या अध्यायात वाटलं छापणाऱ्याची चूक. दुसऱ्यात तेच. बाराच्या बाराही अध्यायांत एकोणिसावी ओवी नाही.

म्हाळसाला विचारलं तर डोळे चमकवून म्हणाली, ती मौनाची ओवी हाय, ती मृगवासी बोलत न्हाईत, ज्याची त्याला ऐकू येती. तुमच्या केंद्रात यावर दोन तास प्रवचन होतं म्हणे.

सारजा, आपण सुप्याच्या माळावर होतो तेव्हा आई रोज तिन्हीसांजेला वाघराच्या तोंडाशी काठी घेऊन उभी राहायची. मेंढरू आत गेलं की एक, दुसरं गेलं की दोन. अठरा झाले की ती गप्प व्हायची, काठी जमिनीवर एकदा आपटायची आणि पुढच्या मेंढराला वीस म्हणायची. एकोणिसावं लांडग्याचं. त्याचं त्याला मोजून ठेवलं की तो आपल्यातलं मागत नाही. मग पदरात एक खडा टाकायचा आणि पुन्हा एकपासून. आपली विशी एकोणीस मेंढरांची. बाजारात व्यापाऱ्याशी दरवेळी भांडण व्हायचं, आणि मी शाळेत पहिल्याच दिवशी अठरानंतर वीस म्हणून छड्या खाल्ल्या, म्हणून माझी सवय गेली. तू चौथीत शाळा सोडून पुन्हा वाघराला लागलीस, तुझी गेली नाही. तुझ्या किराणा यादीतसुद्धा मी ते पाहिलंय.

असं मोजायची ती आपली आई. दुसऱ्या कुठल्या कळपात हे नव्हतं, मी विचारून पाहिलंय. आई गेली. आता या पृथ्वीवर असं मोजणारं माणूस एकच उरलं आहे, आणि ते मृगात राहत नाही, शेळगावात राहतं.

हा ग्रंथ तू लिहिलास. दाजींचे नुसते डोळे मिटलेले असतात.

मला चारचौघांत काही बोलायचं नाही. तुमची शेड, तुमची माणसं, तुमचं नाव, सगळं तुम्हांला लखलाभ. तू फक्त एक ओळ वहिनीला लिही की ओव्या माझ्या आहेत आणि लोखंडाची ओवी मी आईच्या दुःखात लिहिली. ती तुझं ऐकेल. डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे. हे पत्र वाचून फाडून टाक.

वाट पाहतो.

दादा

⁂

शेळगाव,
३ नोव्हेंबर २०२३

ती. दादास,

सा. न. तुझी मधली तीन पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही. कुठल्या तोंडानं देणार होते?

तुझं जुलैचं पत्र मी फाडलं नाही. वाचताना हे समोरच होते, काय लिहिलंय म्हणाले. मी पत्र ह्यांच्या हातात दिलं. मला वाटलं माणूस वहिनीची अवस्था वाचून विरघळेल. ह्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले की तुझा भाऊ हुशार आहे, आता दुसरा भाग लवकर काढायला हवा. मग मला सांगितलं तशी ओवी मी लिहिली. दसऱ्याला ती छापून आली. तुमच्या घरी आत्तापर्यंत पोचली असेल, नसेल तर तू वहिनीच्या उशाखाली बघ.

होय, सगळ्या ओव्या माझ्या. आई गेल्यावर वर्षभर मी जात्यावर बसल्यासारखी रात्रंदिवस तेच पुटपुटत असायची, मग वहीत उतरवलं. ह्यांनी वही पाहिली आणि चार माणसांत वाचली, आणि आपल्याला झोपेत ऐकू येतं असं सांगितलं. लोक रडले, दादा. शेळगावच्या सारजाच्या ओव्या म्हणून वाचल्या असत्या तर कोण थांबलं असतं ऐकायला? तूसुद्धा मान हलवून पेपर उघडला असतास. माझ्याच ओळी बायका डोळ्यांना लावायच्या आणि मी मागं बसून बघायची. मला ते आवडलं. हे तुला आज खरं सांगते, कारण बाकी खरं सांगायचं काही उरलेलं नाही.

सोबत वहिनीसाठी वेगळं पत्र आहे, ह्यांना न कळू देता लिहिलंय. त्यात सगळं कबूल केलंय, आईचं मोजणंसुद्धा. तिला आजच दे. तिला म्हणावं, सारजा पाया पडते, दवाखान्यात जा.

माझ्यावर माया ठेव असं म्हणायचा हक्क राहिलेला नाही. तरी ठेवलीस तर नको म्हणणार नाही.

तुझी,
सारजा

⁂

बारामती,
२० नोव्हेंबर २०२३

सौ. सारजावन्संना,

म्हाळसाचा स. न. वि. वि. तुमचं पत्र ह्यांनी हातात दिलं आणि वाचेपर्यंत समोर उभे राहिले. मी दोनदा वाचलं. वन्सं, मला तुमचा राग आला नाही. मला आधीच ठाऊक होतं की असं पत्र येणार. दुसऱ्या भागात लिहिलेलंच आहे:

लिहिणारा हात जेव्हा म्हणेल मीच लिहिलं,
समजा बाई तेव्हा मोहानं त्याला गिळलं.

मृगवासींनी तुम्हांला किती आधी ओळखलं बघा. ह्यांना मी ही ओवी दाखवली तर भिंतीवर डोकं टेकून उभे राहिले. तुमच्यावर किती दडपण आणलं असेल ते मी समजू शकते, तुमचे भाऊ एकदा हट्टाला पेटले की थांबत नाहीत.

मेंढरांची मोजणी मला सासूबाईंनीच सांगितली होती. मला तर वाटतं त्यांनाही ती मृगातूनच कळली असावी.

आणि वाईट वाटून घेऊ नका, पण एक विचारते. नांदायला आलेली पोर पहिल्या महिन्यात उंबऱ्याशी का थबकते, पोटचं मूल गेल्यावर बाई चूल का सारवत बसते, हे सगळं त्या ओव्यांत आहे. माझ्या मनातलं मी कुणाला बोलले नव्हते ते त्यात आहे. आपण दोघी शेणात हात घालून मोठ्या झालो. इतकं तुम्हांला कुठलं सुचायला?

गाठ थोडी काखेकडं गेली आहे. मला भीती वाटत नाही. दिपाली बोलत नाही माझ्याशी, तेवढं लागतं. दिवाळीला गुळाच्या करंज्या केल्या होत्या, तुमची आठवण झाली. जीव शांत ठेवा आणि माझ्यावर होता तसाच जिव्हाळा राहू द्या.

आपली,
म्हाळसा

⁂

बारामती,
१७ मार्च २०२४

सारजास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

म्हाळसा २ मार्चला गेली. शेवटच्या महिन्यात गाठ फुटली होती आणि तिला दुखणं सोसत नव्हतं, तरी सुई टोचू दिली नाही, सुईसुद्धा लोखंडाची म्हणून. दिपालीनं गोळ्या दुधात घालून दिल्या. तिनं ओळखलं आणि दूध सोडलं. हे मी तुला सुनावण्यासाठी लिहीत नाही. तुझ्या ओवीनं काय केलं ते तुला नेमकं माहीत असावं म्हणून लिहितो.

माझं मीही मोजलं आहे. जुलैमध्ये मी पत्र लिहीत बसलो. त्याऐवजी एसटी धरून आलो असतो आणि तुला हाताला धरून आणून म्हाळसापुढं बसवलं असतं, तर ती दुसऱ्या भागाची ओवी जन्मालाच आली नसती. मला वाटलं चूक कुठं आहे ते दाखवलं की काम झालं. लेथवर तसंच असतं.

दहाव्याला दाजी आले, चाळीस माणसं घेऊन. तू आली नाहीस. ग्रंथाची नवी प्रत त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की एकोणिसावी ओवी अवतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या अंगणात, सारवलेली जागा वाळायच्या आत. घरी कुणी नसताना मी ती उघडली:

म्हाळसा आली मृगात, पदराला गूळ गाठी;
एकोणिसावी ही जागा राखली तिच्याचसाठी.

दाजींना गुळाचं काय ठाऊक? ते तुला आणि तिलाच ठाऊक होतं, आणि तू जूनच्या पत्रात लिहिलंस म्हणून मला. तेव्हा ही ओवी कुणी बसून जुळवली ते विचारत नाही. तिनं तुला लिहिलं होतं की इतकं तुला कुठलं सुचायला. ते तुला लागलं असणार. सुचतं हे तू दाखवलंस. ओवी चांगली जमली आहे. दुपारच्या बायका रडतात.

आता गावोगावच्या बाया ती म्हणतील आणि आपापल्या गाठी झाकून घरी बसतील, गुळाच्या खड्याच्या आशेनं. दोन जणींची नावं दिपालीनं मला सांगितली. मी उद्यापासून त्यांच्या दारी जाणार आहे. पत्र लिहिणार नाही.

आई ती एक जागा लांडग्यासाठी सोडायची, बाकीची मेंढरं राहावीत म्हणून. तू त्या जागेवर म्हाळसाला घातलंस. तेव्हा इथून पुढं काही मोजशील तर अठरानंतर एकोणीस म्हणत जा. लांडगा वाघराच्या आत राहतो, त्याच्यासाठी वेगळं ठेवायची गरज नाही.

या पत्राला उत्तर नको. मायेचं काही मागू नकोस आणि मीही मागत नाही.

जोतीराम